डिफरंट म्हणजे दूर नेलेलं

शब्दांची मुळं खणायचा मला एके काळी फार नाद होता. आता नाही. आता नातू एखादा इंग्रजी शब्द घेऊन आला की मी म्हणतो, बघ बाबा तुझ्या मोबाईलमध्ये, मला पडू दे जरा. घरात म्हणतात, आजोबा कंटाळले. कंटाळलोच आहे. सगळी हयात पोरांना इंग्रजी शिकवण्यात गेली, त्यातली किती शिकली देव जाणे. पण कंटाळ्याचं खरं कारण तेही नाही. एका शब्दाचं मूळ मी फार कौतुकानं शिकवलं होतं, आणि ज्या पोरीला ते सगळ्यात नीट कळलं तिच्याच बाबतीत मी शेपूट घातलं. सांगून टाकतो एकदाचं. सांगितल्यानं हलकं वगैरे काही होत नाही, तशी आशा मी धरलेली नाही.

बाहत्तर सालची गोष्ट. नगर जिल्ह्यात खाली दक्षिणेला, श्रीगोंद्याच्या अंगाला एका गावात मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर होतो. मूळचा सोनईकडचा. लग्न झालेलं नव्हतं, सरपंचांच्या घरामागच्या खोलीत राहत होतो. माझ्याजवळ एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेला. पुठ्ठा गेलेला, कडा उंदरानं खाल्लेल्या, पण त्यात प्रत्येक शब्दाखाली तो कुठून आला ते बारीक अक्षरात दिलेलं असायचं. ते बारीक अक्षर वाचण्यात माझ्या संध्याकाळी जायच्या. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? कोश काखेत मारून शाळेत निघालो की पोरं मागून फिदीफिदी हसायची. हसू देत म्हटलं. या पंचक्रोशीत लॅटिन जाणणारा मी एकटाच, असं मला वाटायचं. जाणणारा कसला! चार शब्द पाठ होते.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. आदल्या वर्षीही धड नव्हता. दिवाळीपर्यंत शेतं उघडी पडली, जनावरं बाजाराला गेली, आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. वर्ग निम्मे झाले. अकरावीच्या वर्गात, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, सातआठ टाळकी उरली होती. त्यात एक मुलगी होती. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. वडील नव्हते, आई खडीच्या कामावर, घरात दोन लहान भाऊ. त्या वस्तीतून अकरावीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. मॅट्रिक झाली की तिला नगरला नर्सिंगला घालायचं असं आईच्या मनात पक्कं होतं. पोरगी हुशार होती. आणि तिला एक वाईट खोड होती. समजलं नाही तर ती विचारायची.

एकदा धड्यात 'डिफरंट' शब्द आला. डिफरंट म्हणजे वेगळा, लिहून घ्या, असं सांगून मी पुढं निघालो तर तिनं हात वर केला. "सर, त्यो शब्द आला कुठनं?" मला तेवढंच पाहिजे होतं. धडा राहिला बाजूला. मी फळ्यावर शब्द फोडून दाखवला. 'डिस' म्हणजे दूर, अलग. 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणं. लॅटिनमध्ये दोन्ही मिळून दूर वाहून नेणं, एक इकडं नेणं आणि एक तिकडं नेणं. त्यातून पुढं इंग्रजीत वेगळं असणं. बाकीची पोरं खिडकीतून बाहेर बघत होती, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. ती मात्र फळ्याकडं बघत बसली, आणि मग म्हणाली, "म्हंजी सर, ती वस्तू आधी वेगळी नसती. कुणीतरी उचलून लांब नेल्यावर वेगळी हुती."

अरे वा! मी टेबलावर डस्टर आपटलं. असं उत्तर मला बी.एड.ला कुणी दिलं नव्हतं. "शाब्बास! बरोब्बर!" मी त्या दिवशी खोलीवर आलो तो हवेतच. ही पोरगी गावाबाहेरच्या वस्तीतून चालत येते, ती हे का म्हणाली असेल, असा विचार मला शिवलासुद्धा नाही. माझ्या डोक्यात लॅटिन होतं.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. मग एक दिवस मधल्या सुट्टीत आई आणि ती दोघी शाळेच्या ओसरीखाली येऊन उभ्या राहिल्या. आईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, खडी फोडताना बोटं फुटतात म्हणून. ती वर चढेना. मी म्हटलं, "या ना बाई वर." तरी ती खालीच.

गोष्ट अशी होती. गावाला एक दिवसाआड टँकर यायचा आणि चावडीजवळच्या सार्वजनिक विहिरीत रिकामा व्हायचा. मग गावाचे पोहरे आत पडायचे. वस्तीच्या बायकांनी पोहरा टाकायचा नाही. त्यांनी कळशा घेऊन बाजूला बसायचं, आणि कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. बऱ्या दिवसांत कुणी ना कुणी ओतायचं. दुष्काळात कुणाला दया येणार? गावाचं भरून होईपर्यंत विहिरीत चिखल उरायचा. असं करू नये असा कायदा होता. तो सगळ्यांना माहीत होता, पण विहिरीवर त्याला कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून वस्तीतल्या घराघरातून कुणीतरी पहाटे उठून दीड कोसावर नदीच्या पात्रात जायचं, वाळूत खड्डा करायचा, आणि तळाशी पाणी झिरपेल तसं वाटीनं कळशीत भरत बसायचं. दोन कळशांना अख्खी सकाळ. या घरात ते काम पोरीकडं आलं होतं, कारण आई उजाडायच्या आत खडीवर. आणि हेडमास्तरांनी तर बजावून ठेवलेलं, या सत्रात हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

"गुर्जी," आई म्हणाली, "तेवढा विंग्रजीत अर्ज लिवून द्या. टँकर आमच्या वस्तीत यिऊ द्या म्हनावं. पाण्याचं भागलं तर ही साळंत बसंल."

हे इंग्रजी अर्जाचं खूळ त्या भागात सगळीकडं होतं. मराठी अर्ज खाली पडतो, इंग्रजी अर्ज साहेब हातात घेतो, अशी लोकांची खात्री. आणि ते खूळ वाढवण्यात माझा हात होता, उगाच कशाला नाकारू? शुगर फॅक्टरीत नोकरीसाठी, रेशनकार्डासाठी, मोजणीसाठी, सगळ्यांना मी इंग्रजी अर्ज लिहून द्यायचो. लोक नमस्कार करायचे. बरं वाटायचं.

"काय लिहायचं सांगा," मी म्हटलं.

"आता काय सांगायचं? आमाला हिरीला हात लावू देत न्हाईत. तवा टँकर हिकडं पाटवा. येवढंच लिवा."

इतकं सरळ वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही. "हो हो, लिहितो," मी म्हणालो.

संध्याकाळी सरपंच खोलीवर आले. या माणसाबद्दल मला वाईट बोलवत नाही, इथंच तर घोडं पेंड खातं. आदल्या वर्षी मी तापानं फणफणलो होतो तेव्हा हाच माणूस बैलगाडी जुंपून मला दवाखान्यात घेऊन गेला होता. दुष्काळातही माझ्या दाराशी रोज एक हंडा भरून यायचा, त्यांच्या घरचा गडी आणून ठेवायचा. कुठल्या विहिरीचा ते सांगायला नको.

"मास्तर, त्या वस्तीचा अर्ज लिवताय म्हनं?"

"हो, विचार आहे."

"लिवा की! पानी मिळालं तर माझ्या पोटात दुखतंय व्हय? फकस्त हिरीचं काय घालू नका त्यात. पोलीस केस हुती, पेपरात गावाचं नाव येतंय. त्यांना पाण्याशी मतलब. न्हाई का?" असं म्हणून त्यांनी शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढं ठेवली. आम्ही दोघांनी शेंगदाणे खाल्ले. मला ते बोलणं पटलंसुद्धा. माणसाला जे सोयीचं असतं ते फार लवकर पटतं.

मग मी अर्ज लिहायला बसलो. काय तो अर्ज! सन्मानपूर्वक निवेदन, नम्र प्रार्थना, सगळे अलंकार घातले. आणि मधोमध लिहिलं, की हे रहिवासी एका 'डिफरंट लोकॅलिटी'त राहत असल्याने त्यांना पाण्याची बरीच अडचण सोसावी लागते. शब्द सुचला तेव्हा मी माझ्यावरच खूश झालो. वेगळी वस्ती. खोटंही नाही, कुणाला लागणारंही नाही. मुळाच्या अर्थानंही चपखल, दूर नेलेली वस्ती. कुणी दूर नेली ते मात्र अर्जात कुठंच नव्हतं. शब्दाची ती मोठी सोय आहे. तो नेलेलं दाखवतो, नेणारा दाखवत नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी अर्ज न्यायला आली. अंगठे घ्यायचे होते वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे. तिनं कागद हातात घेतला आणि निघायच्या ऐवजी ओसरीच्या पायरीवर बसली. ओळीखाली बोट धरून सगळा वाचला. सावकाश. मी उगाचच पेन्सिलीला टोक करत राहिलो. वाचून झाल्यावर मान वर करून म्हणाली, "सर, ह्यात हिरीचं न्हाई."

"अगं, अर्जाची एक भाषा असते," मी म्हणालो. "साहेबलोकांना इशारा पुरे होतो."

"आन कळला न्हाई तर?"

"आता तू मला इंग्रजी शिकवणार आहेस का?"

असं बोललो मी. त्याच पोरीला, जिच्यासाठी डस्टर आपटलं होतं. तिनं कागदाची नीट घडी केली, दप्तरात ठेवली आणि गेली. त्यावर अंगठे उठले आणि अर्ज पुढं गेला. न विचारणारी पोरं मला आवडत नाहीत असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो आहे.

महिना गेला. पोरगी अधूनमधून यायची, पाय वाळूनं पांढरे, शेवटच्या दोन तासांना, आणि बाकावर डोकं टेकून झोपायची. मी उठवायचो नाही. दोनदा शनिवारी मी एस.टी.नं तालुक्याला कचेरीत जाऊन आलो. एकदा कळलं, कागद पुढं गेलाय. दुसऱ्यांदा कळलं, पुढच्या आठवड्यात या. त्या रात्री, सवयच वाईट, मी कोश उघडला. पुढं ढकलणं याला इंग्रजीत 'डिफर' म्हणतात, स्पेलिंग जरा निराळं. तोही शब्द त्याच लॅटिन शब्दातून आलेला निघाला. दूर नेलं की वेगळं होतं, आणि काळात दूर नेलं की लांबणीवर पडतं. एरवी असं काही सापडलं की मला झोप यायची नाही. त्या दिवशी कोश मिटला आणि भिंतीकडं तोंड करून पडलो. वैताग आला होता. कचेरीचा म्हणावा तर तिथले लोक नेहमीचंच काम नेहमीसारखं करत होते.

तिसऱ्या खेपेला तहसीलदार साहेब स्वतः भेटले. आपल्यातलेच, मराठी माणूस, डोळे जागरणानं लाल, टेबलावर गावोगावच्या अर्जांची चळत. त्यांनी माझा अर्ज शोधून काढला, वाचला आणि हसले. "इंग्रजी फार छान आहे हो मास्तर तुमचं. पण मला सांगा, ही वस्ती विहिरीपासून किती लांब?"

"अर्धा मैलसुद्धा नाही."

"मग अडचण काय? इंग्रजी राहू द्या. सरळ मराठीत सांगा."

खोलीत आम्ही दोघंच होतो. सरपंच नव्हते, गाव नव्हतं. पंखा फिरत होता. आईचं ते वाक्य मला जसंच्या तसं पाठ होतं. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, त्यांना विहिरीला हात लावू देत नाहीत. मग साहेब म्हणाले असते, असं? लिहून द्या. माझी सही लागली असती. मग गावात जीप आली असती, आणि माझ्या दाराशी हंडा आला नसता. हे सगळं किती भरभर डोक्यात येऊन जातं! आणि मी म्हणालो, "गर्दी होते, साहेब. टँकर आला की फार गर्दी होते."

"गर्दी तर सगळीकडंच आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा कागद ओढला. मी बाहेर आलो, एस.टी.ला वेळ होता, मी स्टँडवर चहा घेतला. चहा घशाखाली उतरला, त्याचंच मला पुढं कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

फेब्रुवारीत उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं. मराठीत, दोन ओळी. सदर वस्ती गावच्या विहिरीपासून अर्ध्या मैलाच्या आत असून स्वतंत्र टँकरची आवश्यकता दिसून येत नाही. हेडमास्तर त्याच आठवड्यात परीक्षेसाठीची हजेरी बंद करणार होते. मी कागद खिशात घालून रविवारी दुपारी वस्तीत गेलो. दोन वर्षं त्या गावात राहत होतो, वस्तीत पहिल्यांदा जात होतो. वाट विचारावी लागली नाही, गावापासून ती इतकी जवळ होती.

आईनं अंगणात पोतं अंथरलं. घर सारवलेलं, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, खाली पोरीची पुस्तकं फळीवर ओळीनं लावलेली. पोरगी चुलीपाशी होती. आई जरा घुटमळली आणि म्हणाली, "पानी घेता का गुर्जी?"

आता काय करावं माणसानं? नको म्हणावं तर तिला वाटणार, हाही त्यातलाच. घ्यावं तर ते पोरीच्या सकाळीतून आलेलं. मी तांब्या घेतला, दोन घोट प्यालो आणि तांब्या अगदी हळू खाली ठेवला, सांडू नये म्हणून.

मग कागद वाचून दाखवला. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त थकलेली दिसत होती, खडीवरून आलेलं माणूस दिसतं तेवढीच. मग तिनं विचारलं, "पर गुर्जी, हिरीला हात लावू देत न्हाईत, ते तुमी लिवलं हुतं नव्हं?"

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

"हो," मी म्हणालो. "लिहिलं होतं की."

पोरगी उठली, पिठाचे हात तसेच, आणि दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडं बघत होती. त्या क्षणी ती काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. मला ते हवंच होतं, खरं सांगतो.

"व्हय आई," ती म्हणाली. "लिवलं हुतं. मी वाचलंय."

आईनं मान हलवली. "मग तुमी तरी काय करनार गुर्जी. सरकारलाच दिसत न्हाई." आणि वर मला हात जोडले. त्या माउलीनं मला हात जोडले.

मी उठलो. पोरगी वस्तीच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आली. का आली कळेना. रस्ता लागला तशी ती थांबली आणि एवढंच म्हणाली, "सर, उद्यापास्नं मी येत न्हाई. नाव काढून टाका."

मी तिला थांब म्हणालो नाही. कशाच्या बळावर म्हणणार होतो?

सोमवारी पहिल्या तासाला मी हजेरीपुस्तक उघडलं आणि लाल शाईनं तिच्या नावावर रेघ मारली. नाव काढलं की शेवटच्या रकान्यात कारण लिहावं लागायचं, तसा नियमच होता. वर्गात चारपाच पोरं होती, खिडकीतून बाहेर बघत. माझ्या हातात पेन होतं, समोर मोकळा रकाना होता आणि विचारणारं कुणी उरलेलं नव्हतं. मी लिहिलं, 'घरगुती अडचण'.